मीटरवाल्या ओमुरालीची दुसरी डिस्क

कोचकोरच्या बाजारात कुणालाही विचारा, मीटरवाला ओमुराली कुठं राहतो. विचारलेला माणूस आधी हसेल आणि मग हात करून दाखवेल, की टेके-सूच्या रस्त्यानं सरळ जा, ज्या फाटकाला दोन कुलपं दिसतील ते त्याचं घर. दोन का, तर पहिल्या कुलपावर ओमुरालीचा भरवसा नाही म्हणून.

एकतीस वर्षं या माणसानं आमच्या खोऱ्यातल्या घराघरांत शिरून विजेचे मीटर वाचले. त्या नोकरीत माणूस भोळा राहूच शकत नाही. लोक काय काय करायचे. मीटरच्या काचेला बारीक भोक पाडून आत सुई सारायचे, की चकती अडून बसावी. कुणी वर लोहचुंबक ठेवायचं आणि ओमुरालीची मोटारसायकल वाजली की ते पिठाच्या डब्यात दडवायचं. याला चहाला बसवायचं, समोर साय आणि गरम तळलेले पिठाचे बोर्सोक मांडायचे, आणि तेवढ्यात घरचा कर्ता मागच्या दारानं जाऊन तार सरळ करून यायचा. ओमुराली चहा प्यायचा, रोटीचा तुकडा मोडून तोंडात टाकायचा, घराला दुवा द्यायचा आणि मग उठून थेट पिठाच्या डब्यात हात घालायचा. सख्ख्या मेहुण्याच्या मीटरला त्यानं दोनदा सील ठोकलं. मेहुणा वर्षभर त्याच्याशी बोलला नाही. ओमुरालीचं म्हणणं, बोलला नाही म्हणजेच चोर होता.

नोकरी संपली, पण सुंभ जळला तरी पीळ थोडाच जळतो. चहाच्या पुड्यावर पेन्सिलीची रेघ, लाकडांच्या थप्पीवर खडूची फुली, अंगणातल्या कुत्र्यावरसुद्धा संशय, की शेजाऱ्याकडं शेपूट जरा जास्तच हलवतो. बायको सैरा हे सगळं हसण्यावारी न्यायची. भरल्या घरात पाहुण्यांसमोर ती विचारायची, की माझ्यावर कुठं फुली मारलीय तेवढं दाखवा, आणि मग ओमुरालीचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. सहा वर्षांपूर्वी सैरा गेली. मुलगा मॉस्कोत टॅक्सी चालवतो. घरात उरला चौऱ्याहत्तर वर्षांचा ओमुराली आणि मुलानं मागं ठेवलेला एक कॉम्प्युटर.

त्या कॉम्प्युटरच्या लोखंडी डब्याला ओमुरालीनं मीटरचं सील लावलं होतं. थट्टा नाही करत. मागच्या दोन स्क्रूंमधून तार ओवली होती, शिशाचा मणी चिमट्यानं दाबला होता आणि मण्यावर नोकरीतला त्याचा नंबर होता. आत होते सहाशे बारा माणसांचे आवाज.

आमच्यात ज्याला सात पिढ्या तोंडपाठ नाहीत त्याला गुलाम म्हणतात. सात पिढ्या कुणीही सांगतो. पण त्याच्या वर कोण, कुठली शाखा कुठून फुटली, कोण दत्तक आला, कोण डोंगरापलीकडून पळून आला, हे सांगणारे म्हातारे निराळे. ते जातात आणि त्यांच्याबरोबर सगळी वंशावळ जाते. ओमुराली मीटर वाचायला निघाला की मोटारसायकलीला कॅसेटचा टेपरेकॉर्डर बांधून न्यायचा आणि एकेका म्हाताऱ्याला बोलतं करायचा. हे खूळ त्याच्या डोक्यात घातलं त्याच्या बापानं, तोकोननं. एकोणऐंशी साली मरणाच्या अंथरुणावर तोकोन म्हणाला, "लोकांच्या पिढ्या लिहून ठेव." का, ते काही बोलला नाही. जन्मभर तो कमीच बोलत आला होता.

का, ते ओमुरालीला नऊ वर्षांनी कळलं.

अठ्ठ्याऐंशी सालच्या वसंतात तो उल्जान अपाकडं गेला. अपा म्हणजे आमच्यात थोरली बाई, ही तेव्हा त्र्याऐंशीची होती. तिचा नवरा सुल्तानाली म्हणजे जुन्या अरबी अक्षरांत अख्ख्या खोऱ्याची वंशावळ वहीत लिहून ठेवणारा माणूस. सदतीस साली कुणीतरी पोलिसांत चुगलीचा कागद दिला, त्यांनी सुल्तानालीला नेलं, वहीही नेली, आणि दोन्ही परत आली नाहीत. कागद कुणी दिला, हे पन्नास वर्षं कुणी उघड बोललं नव्हतं. म्हाताऱ्या बायका बाईमाणसासमोर मोकळ्या बोलतात, म्हणून ओमुरालीनं सैराला सोबत नेलं होतं. उल्जान अपानं पिढ्या सांगितल्या, शाखा सांगितल्या, आणि त्याच सुरात पुढं सांगितलं, की कागद लिहिला तोकोननं.

ओमुराली उठला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. टेप आत चालूच होता. कॅसेट संपल्यावर सैरानं ती पिशवीत टाकून आणली. त्या विषयावर दोघं पुढं कधीच बोलले नाहीत.

ती कॅसेट त्यानं पुन्हा ऐकली नाही. मोडलीही नाही. पुढं मुलानं कॉम्प्युटर आणला तेव्हा त्यानं सगळ्या कॅसेटी एकेक वाजवून आत उतरवल्या, पण या एका कॅसेटच्या वेळी आवाज शून्यावर ठेवला आणि स्वतः ओसरीत जाऊन बसला. बाकीच्या फाइलींना नंबर आणि माणसाचं नाव. हिला नुसता नंबर, दोनशे चौदा. लिहिलेल्या वंशावळीत बापाच्या नावापुढं त्यानं 'मेंढपाळ' एवढंच लिहिलं. जिल्ह्याच्या संस्कृती भवनातले लोक तीनदा आले, पुस्तक काढायचंय, नक्कल द्या म्हणाले. ओमुरालीनं तिन्ही वेळा त्यांना चहा पाजून परत पाठवलं. तुम्ही पिढ्या फिरवाल, पैसेवाल्यांना राजांचे वंशज कराल, असं त्यानं तोंडावर सांगितलं. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. सगळ्या खोऱ्यानं वंशावळीत ढवळाढवळ करू नये म्हणून जो डोळ्यांत तेल घालून बसला होता, त्यानंच तिच्यातली एक ओळ गाळली होती. हे त्याला रोज आठवायचं.

मूळ कॅसेटी दोन हिवाळ्यांपूर्वी छत गळून ओलीनं चिकटून गेल्या. म्हणजे जे काही होतं ते आता त्या सील केलेल्या डब्यात. आणि या फेब्रुवारीत डबा आतून टकटक वाजायला लागला.

आधी ओमुरालीला वाटलं, कुणीतरी तारेतून आत शिरून बघतंय. त्यानं इंटरनेटची तार उपटून टाकली. टकटक चालूच. मग त्यानं मुलाला फोन करून दरडावलं, की तू तिथून काही चाळे करतोस का. मुलगा म्हणाला, डिस्क भरलीय आणि शेवटच्या घटका मोजतेय, दुसरी बसवून घ्या, सगळं तिच्यावर उतरवा. नाहीतर इंटरनेटवर ठेवा, वर आकाशात राहील, कुणी हात लावणार नाही. आकाशाची किल्ली कुणाकडं असते ते आधी सांग, असं म्हणून ओमुरालीनं फोन ठेवला.

डिस्क मात्र त्यानं स्वतः राजधानीत, बिश्केकला जाऊन आणली. खोक्यावर सही केली, डिस्कवरचा लांबलचक नंबर कागदावर उतरवून घेतला आणि कागद टोपीच्या अस्तरात ठेवला. आता बसवणार कोण? बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे तिघं. एकाच्या आजोबानं वंशावळीवरून भांडण काढलं होतं, तो बाद. दुसरा फार हसतो, तोही बाद. उरली बेगिमाय, लोखंडी कंटेनरमध्ये दुकान मांडून बसलेली, चाळिशीला आलेली, तोंडानं फटकळ. ती सासरच्या गावच्या नावानं ओळखली जायची, माहेर कुणाला ठाऊक नव्हतं. डबा दुकानात आणा, ती म्हणाली. डबा घर सोडणार नाही, हा म्हणाला. शेवटी मार्चमधल्या एका सकाळी चिखल तुडवत तीच आली.

दारात आमच्या रीतीप्रमाणं त्यानं तिला रोटी पुढं केली, तिनं तुकडा मोडून खाल्ला. मग त्यानं तिचा फोन काढून ओसरीच्या खिडकीत ठेवायला लावला. ती म्हणाली, ठेवते, पण आत अंधारात दिसायला दिवा त्या फोनमध्येच आहे. ओमुरालीनं नोकरीतली आपली बॅटरी आणून दिली. पिशवी उघडून दाखव, म्हणाला. तिनं दाखवली. पेचकस, चिमटा, ब्रश, दोन केबली, अर्धं सफरचंद. सफरचंदही त्यानं उलटून बघितलं.

मग तिला उंबऱ्याच्या आत घेऊन तो म्हणाला, "आता तुझ्या सात पिढ्या सांग."

"अक्साकाल," म्हाताऱ्या माणसाला आमच्यात मानानं मारतात ती हाक मारून बेगिमाय म्हणाली, "मी डिस्क बसवायला आलेय." "सोयरीक करायची असेल तर आधी सांगायचं, नवऱ्याला विचारून आले असते."

"सांग म्हणतो ना."

तिनं सुस्कारा टाकला आणि शाळेतल्या पाढ्यासारखं म्हणून दाखवलं. माझा बाप जेनिश, त्याचा कासिम, त्याचा सुल्तानाली, त्याचा बोरुबाय, आणि वर आणखी तीन. वरची तीन नावं ओमुरालीला ऐकूच आली नाहीत. तो सुल्तानालीपाशीच अडकला होता, उल्जान अपाच्या नवऱ्यापाशी.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. त्याला त्या क्षणी वाटलं, ही मुद्दाम आलीय. हिला कुणीतरी धाडलंय. बोलावलं आपणच होतं, नाही नाही म्हणत असताना घरी यायला आपणच लावलं होतं, हे सगळं त्याला माहीत होतं, पण संशयाला हिशेब कुठं कळतो. परत पाठवावं तर तिनं या घरची रोटी खाल्लेली. आणि डबा सकाळपासून दर दोन मिनिटांनी टकटक करत होता. ओमुरालीनं खुर्ची ओढून तिच्या इतकी जवळ घेतली, की तिनं हात हलवला तरी त्याला कळावं.

सील बघून ती थांबली. "हा मीटर आहे का कॉम्प्युटर? आकडा घ्यायला तुम्हीच येता का स्वतःकडं?" ओमुराली हसला नाही. त्यानं स्वतःच्या हातानं तार कापली, मण्यावरचा नंबर वाचून खातरी केली आणि मग बाजूचं झाकण तिला काढू दिलं.

आत धुळीचा थर बसला होता. बेगिमायनं ब्रश फिरवला आणि बोट दाखवून सांगितलं, ही वरच्या कप्प्यात जुनी डिस्क, हिच्याच खाली कप्पा रिकामा आहे, नवी तिथं बसेल. तिनं काढलेला एकेक स्क्रू ओमुराली चहाच्या वाडग्यात घेत होता आणि मोजत होता. खोक्यावरची सही त्यानं तपासली, टोपीतला कागद काढला, डिस्कवरचा नंबर तिला मोठ्यानं वाचायला लावला आणि कागदाशी ताडून बघितला. जुळला. तरी त्याला बरं वाटलं नाही. जुळणारच, बदलायचं असेल तर आत्ता थोडीच बदलेल, असं त्याच्या मनात आलं. तिनं डिस्क कप्प्यात सरकवली, चार स्क्रू आवळले, एक बारीक केबल मोठ्या पाटीला जोडली, दुसरी विजेच्या डब्यातून आलेली मोकळी तार खोचली. पाच मिनिटांचं काम. एवढ्या सोप्या कामाचाही त्याला संशय आला.

कॉम्प्युटर सुरू केला, तर पडद्यावर डिस्क एकच.

"कुठाय दुसरी? माझ्या डोळ्यांदेखत घातलीस ना?"

बेगिमाय शांतपणे म्हणाली, की कोरी डिस्क म्हणजे मोजणी न झालेली जमीन. हद्दीचे दगड रोवल्याशिवाय ती कुणाच्या नावावर दिसत नाही. तिनं एक खिडकी उघडली, त्यात नवी डिस्क होती, पण ती वापरण्याआधी पुसून तयार करायची का, असं कॉम्प्युटर विचारत होता. 'पुसून' हा शब्द वाचून ओमुरालीनं तिचं मनगटच धरलं. काय पुसायचं, कुठली पुसायची. तिनं पुन्हा दाखवलं. ही भरलेली, ही रिकामी, रिकामीवर खूण आहे, बघा. त्यानं दोन्हींचा आकार तीनदा वाचला आणि बटण स्वतः दाबलं. काही वाईट झालं नाही. पडद्यावर दुसरी डिस्क दिसायला लागली.

मग फाइली एकीवरून दुसरीवर उतरायला लागल्या. जुनी डिस्क दमलेली, त्यामुळं तीन तास लागणार होते. तेवढा वेळ बेगिमायला सोडून बाहेर जाणं ओमुरालीला परवडणारं नव्हतं, म्हणून त्यानं चहाची किटलीच खोलीत आणली. अर्धं वाडगं भरून दिलं की ती पिऊन परत पुढं करायची, आणि तो नजर पडद्यावर ठेवून ओतायचा. एकदा चहा तिच्या गुडघ्यावरच ओतला.

आत आहे काय एवढं, तिनं विचारलं. मीटरचे आकडे, तो म्हणाला. आकडे एवढे जड नसतात, ती म्हणाली. तेवढ्यात पडद्यावर फाइलींची नावं सरकताना तिनं वाचली. आमच्या रस्त्यावरचे कालमुर्झा अक्साकाल तर जाऊन वीस वर्षं झाली, ते इथं कसे? ओमुरालीनं पडदा स्वतःकडं वळवून घेतला. पण तिला काय ते कळलं होतं.

"आमच्या घरीसुद्धा एक होती," ती म्हणाली. "माझ्या आजोबांची आई. सगळं खोरं तिच्या तोंडात होतं म्हणतात. ती गेली तेव्हा मी चार वर्षांची. मला तिचा फक्त हात आठवतो, साखरेचा खडा द्यायची तो. आवाज आठवत नाही. कुणी धरून ठेवला असता तर बरं झालं असतं."

गळ टाकतेय, ओमुरालीला वाटलं. सगळं माहीत असून विचारतेय. तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला, ज्या नजरेनं तो लोकांच्या पिठाच्या डब्यांकडं बघायचा. बेगिमायनं गुडघ्यावरचा चहा रुमालानं टिपला आणि खिडकीबाहेर पाहत बसली. तिच्या चेहऱ्यावर त्याला काही सापडलं नाही, आणि त्यामुळं तो आणखी अस्वस्थ झाला.

दोनशे तेरा फाइली उतरल्या आणि पडद्यावर सरकणारा काटा अडला. डबा टकटकला, थांबला, पुन्हा टकटकला. बेगिमाय म्हणाली, ही एक जात नाही, बाजूला ठेवते, शेवटी बघू. बाकीच्या पुढं सरकल्या. ओमुरालीनं न बघताही ओळखलं होतं कुठली अडलीय. त्याचा संशय आता बेगिमायला सोडून त्या डब्यावर गेला होता. यालाही कुणी सांगितलं का, बरोब्बर हिच्यापाशी अडायला?

दुपार कलली तेव्हा बेगिमायनं पाठ ताठ केली.

"सहाशे अकरा उतरल्या, अक्साकाल. सुटलात. ही एक राहिली, दोनशे चौदा. हिला नावसुद्धा नाही, रिकामीच असणार. सोडून देऊ?"

केवढी सोपी गोष्ट. त्यानं 'सोड' म्हणायचं, तिनं बटण दाबायचं. कुणी विचारणार नव्हतं. पाप याच्या हातून घडलं नसतं, डिस्कच जुनी होती. चौतीस वर्षं ज्या एका वाक्याला तो भ्यायला, ते आपोआप विरघळून गेलं असतं, आणि मग बेधडक नकला देता आल्या असत्या, पुस्तकं काढता आली असती. ओमुरालीनं तोंड उघडलं. समोर सुल्तानालीची पणती पेचकस पिशवीत ठेवत होती. तिच्या घरातला एक माणूस याच्या घरानं आधीच पुसला होता. आता त्याच घरातली म्हातारी पुसायची, आणि तीही तिच्या पणतीच्या बोटानं. ओमुरालीला स्वतःची भयंकर किळस आली.

"रिकामी नाही," तो म्हणाला. "तिला नाव आहे. उल्जान."

"कुठली उल्जान?"

"तुझ्या आजोबांची आई."

बेगिमायनं पेचकस हळूच खाली ठेवला. उठली, खिडकी उघडली, डब्याचं झाकण पुन्हा काढलं आणि डबा उचलून खिडकीच्या थंड वाऱ्यात ठेवला. तापलेली डिस्क निवली तर एकदा तरी वाचेल, एवढंच म्हणाली. अर्धा तास दोघं अंगावर कोट घालून बसले. मग तिनं पुन्हा सुरू केलं. काटा गोगलगाईसारखा सरकला, शेवटाला येऊन थबकला, डबा दोनदा टकटकला, आणि फाइल उतरली.

"शेवट पूर्ण आलाय का बघायला हवं," ती म्हणाली. "अडत होती ती शेवटालाच. ऐकावं लागेल. ऐकू?"

ओमुरालीनं मान हलवली.

उल्जान अपाचा आवाज खोलीत आला, कोरडा आणि खणखणीत. तिनं पिढ्या सांगितल्या. बेगिमाय दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होती, ओठ हलवून नावं तिच्या मागोमाग म्हणत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नाही. मग ते वाक्य आलं. कागद लिहिला तोकोननं.

"तोकोन कोण?" बेगिमायनं विचारलं.

ओमुराली उठला होता. तेव्हाही तो असाच उठला होता. त्याचा हात दाराच्या कडीवर होता.

"माझा बाप," तो दारातूनच म्हणाला.

टेपमध्ये स्टूल सरकल्याचा आवाज आला, दार वाजलं. मग चहा ओतल्याचा आवाज. ओमुरालीनं कडी ओढली, आणि मागून सैरा बोलली. सहा वर्षांनी तिचा आवाज त्याच्या कानावर पडला. तो जागीच थिजला.

अपानं विचारलं होतं, "गेला?" आणि सैरा सांगत होती, "अंगणात उभे आहेत, अपा. तुम्हाला माहीत होतं ना ते कुणाचे?"

"माहीत होतं. म्हणूनच सांगितलं," म्हातारीचा आवाज म्हणाला. "पन्नास वर्षं वाट बघितली, की त्या घरातलं कुणीतरी येऊन विचारेल. तोकोन दोनदा माझ्या फाटकापर्यंत आला आणि तिथूनच परत गेला. मुलगा आत तरी आला. दुसऱ्या कुणी लिहिलं तर वैर वाढेल, बाई. त्यानंच लिहायला पाहिजे. लिहील का?"

थोडा वेळ नुसती खरखर. मग सैरा म्हणाली, "लिहितील. आधी सगळ्या जगावर संशय घेतील, मग स्वतःवर घेतील, आणि मग लिहितील. उशीर लागेल."

"मला कुठं घाई आहे," उल्जान अपा म्हणाली. "चहा ओत."

फाइल संपली.

ओमुराली दाराशीच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. सैराला सगळं ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षं ती त्याच्या शेजारी झोपली, त्याच्या कुलपांवर हसली, पाहुण्यांसमोर त्याची टिंगल केली, आणि एकदाही म्हणाली नाही, की आता लिहा. तिनं शब्द दिला होता आणि ती वाट बघत राहिली. जगात ज्या एका माणसावर त्यानं कधी खूण केली नव्हती तिला त्यानं खोटं पाडलं होतं.

बेगिमायनं खिडकी लावली. मग ती बोलली.

"आमच्या घरात हे नाव कुणी घेत नव्हतं. कागद कुणी लिहिला असं आजोबांना विचारलं की ते उठून बाहेर जायचे. तुमच्यावर रागवायचं की काय करायचं ते मला आज कळत नाहीये, अक्साकाल. कळेल तेव्हा सांगेन. पण त्या दोघी म्हणाल्या तेवढं तर करा."

ओमुराली उठून खुर्चीत बसला. वंशावळीचं पान त्यानं नव्या डिस्कवरून उघडलं, बापाच्या नावापाशी आला आणि 'मेंढपाळ' या शब्दापुढं थांबला. एका बोटानं एकेक अक्षर शोधत टाइप करायला त्याला फार वेळ लागला. मध्येच त्यानं विचारलं, कुठल्या दिवसांत नेलं ठाऊक आहे का. ती म्हणाली, नांगरट चालू होती, बैल शेतातच जुंपलेले राहिले, एवढं आजोबा सांगायचे. तेही त्यानं लिहिलं.

तोकोननं सुल्तानालीवर कागद लिहिला. नांगरटीच्या दिवसांत सुल्तानालीला नेलं, त्याची वही नेली. तो परत आला नाही. हे तोकोनचा मुलगा ओमुराली यानं उल्जान अपाच्या सांगण्यावरून लिहिलं, चौतीस वर्षं उशिरा.

बेगिमायनं ते दोनदा वाचलं आणि जपून ठेवायचं बटण दाबायला माऊस त्याच्याकडं सरकवला.